रिउस: मेक्सिकोच्या व्यंगचित्रकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिउस म्हणजे नेमका कोण?

मेक्सिकोचा राजकीय व्यंगचित्रकार. खरं नाव एदुआर्दो देल रिओ गार्सीआ. जन्म २० जून १९३४, मिचोआकान राज्यातलं सामोरा हे गाव. मृत्यू ८ ऑगस्ट २०१७, तेपोस्त्लान. मधल्या साठ वर्षांत त्यानं दैनिकांत चित्रं काढली, दोन गाजलेली चित्रसाप्ताहिकं चालवली, चार-पाच विनोदी नियतकालिकांना हातभार लावला आणि शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. लिहिली म्हणजे मजकूरही त्याचा, चित्रंही त्याची आणि बरेचदा अक्षरंसुद्धा त्याच्याच हातची.

तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल, पण त्याच्या कामाची एक फांदी बहुधा पाहिली असेल. ‘अमुक फॉर बिगिनर्स’ नावाची चित्रमय पुस्तकं इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात दिसतात ना, फ्रॉईड, आइन्स्टाइन, लेनिन वगैरे? त्या सगळ्या वंशावळीच्या मुळाशी हा माणूस आहे. मला तो असाच सापडला. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मुखपृष्ठ अर्धं फाटलेला मार्क्स. आत पानोपानी दाढीवाले बुवा, कापून चिकटवलेली जुनी चित्रं आणि वाकडंतिकडं हस्ताक्षर. लेखकाचं नाव चारच अक्षरी इंग्रजी शब्द. कुठल्या देशाचा आहे हे कळायला मला बराच काळ लागला.

‘रिउस’ हे टोपणनाव कशावरून?

आडनाव ‘देल रिओ’. ‘रिओ’ म्हणजे नदी. त्याच नावाला थोडा पीळ दिला की ‘रिउस’.

तो पाद्री होणार होता, हे खरं का?

त्या वाटेला लावलं होतं खरं. सामोरा हे कट्टर कॅथलिक वळणाचं गाव. १९२६ ते १९२९ या काळात चर्चच्या बाजूने हत्यार उचललेल्या शेतकऱ्यांचं बंड ज्या पट्ट्यात पेटलं होतं, त्यातलंच. (सामोराची दुसरी ख्याती म्हणजे ‘चोंगोस’ नावाची फाटलेल्या दुधाची, दालचिनी घातलेली मिठाई. वर्णन वाचून मला आपला खरवस आठवला.) रिउस सहा महिन्यांचा असताना वडील गेले. घर हलाखीत. आई मुलांना घेऊन मेक्सिको सिटीला आली. पुढे मुलगा सालेशियन पंथाच्या, पाद्री घडवणाऱ्या शाळेत शिकायला गेला. आपल्याकडे गरीब घरातला हुशार मुलगा वेदपाठशाळेत घालत, तसंच काहीसं.

तो पाद्री झाला नाही, उलट ठार नास्तिक झाला. पण त्या शाळेत त्याला वाचनाची सवय लागली, आणि धर्मग्रंथांशी झालेली ओळख आयुष्यभर कामी आली. पुढे त्यानं ख्रिस्तावर, बायबलवर, चर्चच्या इतिहासावर जी पुस्तकं काढली त्यांतली खोडी आतल्या माणसाची आहे.

व्यंगचित्रकार कसा झाला?

मयताच्या दुकानात बसून.

आधी त्यानं बरीच फुटकळ कामं केली. साबण विकला, पुस्तकं विकली, बाटल्या भरण्याच्या कारखान्यात राबला. मग मेक्सिको सिटीतल्या ‘गायोस्सो’ या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या जुन्या कंपनीत फोन उचलायच्या कामावर लागला. असे फोन काही अखंड वाजत नाहीत, त्यामुळे रिकाम्या वेळात तो कागदावर चित्रं काढत बसायचा. एकदा ‘जा-जा’ या विनोदी मासिकाचे संपादक फ्रान्सिस्को पातिन्यो तिथे फोन करायला आले. ‘जा-जा’चा उच्चार स्पॅनिशमध्ये ‘हा-हा’ होतो, हे जाता जाता. त्यांची नजर त्या चित्रांवर पडली आणि ते म्हणाले, आणून दे. ही पन्नाशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट.

चित्रकलेचं शिक्षण असं त्याचं नव्हतंच. सॉल स्टाइनबर्ग या रुमेनियात जन्मलेल्या अमेरिकन चित्रकाराची एकेरी, बिनशब्दांची रेषा त्याला फार आवडायची आणि सुरुवातीची चित्रं तशीच आहेत. थोड्याच दिवसांत ‘ओव्हासिओनेस’ दैनिकात आबेल केसादा या त्या काळच्या नामांकित व्यंगचित्रकाराची रिकामी झालेली जागा त्याला मिळाली. तिथून राजकारण सुरू झालं, आणि नोकऱ्या जायलाही. एका दैनिकातून काढलं की दुसऱ्यात, तिथून काढलं की तिसऱ्यात, असा फेरा बरीच वर्षं चालला.

पण मेक्सिकोत तर निवडणुका होत होत्या. मग सरकारवर चित्र काढलं तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न समजून घेतल्याशिवाय रिउस समजत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

१९२९ ते २००० अशी एकाहत्तर वर्षं मेक्सिकोत एकच पक्ष सत्तेवर होता. सुरुवातीला नाव वेगळं होतं, १९४६ पासून ‘संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष’. क्रांती संस्थेत कशी बसवायची हा विनोद त्यांनी स्वतःच केला होता, व्यंगचित्रकाराला काही शिल्लक ठेवलं नाही. दर सहा वर्षांनी निवडणूक व्हायची, राष्ट्राध्यक्ष बदलायचा आणि पक्ष तोच राहायचा.

अशा राज्यात वर्तमानपत्रांवर उघड बंदी घालावी लागत नाही. कागद पुरतो. वृत्तपत्री कागदाची आयात आणि वाटप १९३५ पासून एका सरकारी कंपनीच्या हाती होतं. कागद स्वस्तात मिळावा म्हणून ती स्थापन झाली होती आणि तसा तो मिळायचाही, फक्त वागणूक नीट असली तर. शिवाय सरकारी जाहिराती. शिवाय पत्रकारांना पोचणारी पाकिटं. या पाकिटाला तिथे ‘चायोते’ म्हणतात, ती एक काटेरी वेलभाजी आहे. आपल्याकडेही पत्रकार परिषदेतलं ‘पाकीट’ ठाऊक असलेल्यांना फार समजवायला नको.

बाकी अलिखित नियम तीन: राष्ट्राध्यक्ष, लष्कर आणि ग्वादालूपेची माता मेरी, या तिघांना हात लावायचा नाही. मंत्र्यांची खुशाल टर उडवा, महागाईवर काढा, नोकरशाहीवर काढा. रिउसनं या तिन्ही ठिकाणी हात घातला.

‘लोस सुपरमाचोस’ काय होतं?

१९६५ च्या सुमारास सुरू झालेलं चित्रकथांचं साप्ताहिक. लहान आकाराची, स्वस्त कागदावरची पुस्तिका, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टपरीत मिळणारी. त्या वर्षांत मेक्सिकोत अशा चित्रकथा अफाट खपायच्या. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, कारखान्यात एकेक अंक हातोहात फिरायचा. टपरीवर शेजारी ‘कालीमान’ असायचा, पांढऱ्या फेट्यातला, कालीमातेच्या घराण्यातला, भारतात वाढलेला मेक्सिकन महानायक. (हो, असा एक आहे. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं.)

या गर्दीत रिउसनं ना नायक आणला ना प्रेमकथा. त्यानं एक गाव वसवलं: सान गाराबातो दे लास तुनास. ‘गाराबातो’ म्हणजे गिरगोटा आणि ‘तुनास’ म्हणजे फड्या निवडुंगाची बोंडं. संत गिरगोटेश्वराचं निवडुंगपूर म्हणा हवं तर. गावात पिढ्यान्‌पिढ्या खुर्चीला चिकटलेला पुढारी आहे, त्याचं नाव दोन पेर्पेतुओ देल रोसाल (‘दोन’ म्हणजे स्पॅनिशमधलं ‘श्रीयुत’), म्हणजे नावातच ‘कायमचा’. दोन पोलीस आहेत, पुढाऱ्याच्या दारात उभे राहणारे. जपमाळ ओढता ओढता गावभर चहाड्या करणारी भाविक दोन्या एमे आहे, दारूच्या गुत्त्यात बसणारी मंडळी आहेत, औषधांचं दुकान आहे. आणि कालसोन्सिन आहे.

शीर्षकातला ‘माचो’ म्हणजे मर्दपणाचा तोरा मिरवणारा पुरुष. सुपरमाचो म्हणजे महामर्द. हे सगळे महामर्द गुत्त्यात मिशीला पीळ देतात आणि पुढारी आला की टोपी काढतात.

मेक्सिकोतल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला हे आपलंच गाव वाटलं. पक्षाचं नाव घ्यायची गरजच नव्हती. राष्ट्राध्यक्षाचं चित्र काढायला बंदी होती ना, मग गावच्या पुढाऱ्याचं काढलं.

कालसोन्सिन विजेचं ब्लँकेट का पांघरतो?

सगळ्यांचा आवडता प्रश्न. कालसोन्सिन हा गावातला आदिवासी. खेड्यातला गरीब माणूस अंगावर घोंगडी घेतो, तशी हाही घेतो. फक्त त्याची घोंगडी विजेवर गरम होणारी आहे आणि तिची पिन मागे जमिनीवरून फरफटत येते. ती लावायला गावात वीज कुठे आहे? विकासाच्या सगळ्या भाषणांचं उत्तर त्या एका लोंबणाऱ्या वायरीत आहे.

नावही बेरकी आहे. ‘काल्त्सोन्सिन’ ही स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मिचोआकानवर राज्य करणाऱ्या पुरेपेचा राजांची पदवी, रिउसच्या स्वतःच्या मुलखातली. आणि ‘काल्सोन’ म्हणजे चड्डी. राजा आणि चड्डी एकाच शब्दात. हा माणूस गावात सर्वांत गरीब आणि सर्वांत जास्त वाचलेला. प्रश्न तोच विचारतो, आणि भोळेपणाने विचारतो, म्हणून पुढाऱ्याला उत्तर देता येत नाही.

या पात्रावर १९७४ मध्ये आल्फोन्सो आराऊ यांनी चित्रपट केला, कालसोन्सिनची भूमिकाही स्वतःच केली. कथेला गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चा आधार. त्याच नाटकावरून पुलंनी आपल्याकडे ‘अंमलदार’ केलं होतं, त्यामुळे शहरातून बडा अधिकारी तपासणीला येणार म्हटल्यावर गावाची काय तारांबळ उडते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

इतकं गाजलेलं साप्ताहिक त्यानं सोडलं का?

सोडलं नाही, हातातून काढून घेतलं. शंभरेक अंक झाले असतील. वरून दडपण वाढत होतं. प्रकाशक मजकुरात ढवळाढवळ करायला लागला, आणि शेवटी रिउसच्या ऐवजी दुसऱ्याच लोकांकडून अंक काढून घेऊ लागला. करारानुसार पात्रांचे हक्क प्रकाशकाकडे. म्हणजे कालसोन्सिन, दोन पेर्पेतुओ, सगळं गाव दुसऱ्याच्या नावावर, आणि ज्यानं ते वसवलं तो वेशीबाहेर. रिउसशिवायचा ‘सुपरमाचोस’ पुढे कित्येक वर्षं निघत राहिला. पात्रं दिसायला तीच होती, पण बोलायची मात्र गुळमुळीत.

मला या प्रकरणात सरकारपेक्षा त्या कराराचं जास्त वाटतं. सरकारनं अंक बंद केला असता तर बोभाटा झाला असता. त्यापेक्षा अंक चालू ठेवून त्यातला माणूस बदलणं कितीतरी सोयीचं. टपरीवरच्या गिऱ्हाईकाला कळतही नाही. चित्रं विकून पोट भरणाऱ्या कुणीही हा भाग दोनदा वाचावा आणि मग आपले करार काढून बघावेत.

मग ‘लोस आगाचादोस’?

१९६८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडे, ‘एदितोरिआल पोसादा’कडे. ‘आगाचादोस’ म्हणजे मान खाली घालून, वाकून उभे असलेले. ‘महामर्द’ गेले आणि ‘वाकलेले’ आले. नावात किती फरक पडला बघा, आणि लोक मात्र तेच.

इथे त्याची पद्धतही बदलली. हळूहळू गोष्ट मागे पडली आणि एकेक अंक एकेका विषयाला वाहिलेला निघू लागला: बैलांच्या झुंजी, फुटबॉल, कोका-कोला, जेवण, धर्म, चिलीतलं राजकारण. पात्रं येत, दोन टोमणे मारून जात, पण मधे असायची ती माहिती. पुढच्या सगळ्या पुस्तकांचा साचा या साप्ताहिकात तयार झाला. १९७७ पर्यंत ते चाललं.

आणि १९६८ हे साल. त्या उन्हाळ्यात मेक्सिको सिटीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्को चौकात लष्कराने जमावावर गोळ्या झाडल्या. दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, त्याच शहरात ऑलिम्पिकचं उद्‌घाटन झालं, पांढरी कबुतरं सोडून. किती माणसं मेली यावर अजून एकमत नाही. दैनिकांनी दुसऱ्या दिवशी जे छापलं ते वर सांगितलेल्या कागदाच्या आणि पाकिटांच्या हिशेबानेच छापलं. रिउसनं विद्यार्थ्यांच्या बाजूने ‘आगाचादोस’चा खास अंक काढला.

त्या वेळी मेक्सिकोचे भारतातले राजदूत कवी ओक्ताव्हिओ पास होते. त्यांनी या हत्याकांडाच्या निषेधार्थ दिल्लीतलं पद सोडलं.

त्याला खरंच गोळ्या घालायला नेलं होतं?

हो. त्यानं स्वतः अनेकदा सांगितलेली हकीकत अशी.

जानेवारी १९६९. साध्या वेशातल्या माणसांनी त्याला रस्त्यात गाठलं आणि गाडीत घातलं. शहरापासून दूर, नेव्हादो दे तोलुका या थंड ज्वालामुखीच्या बाजूला नेलं. हा डोंगर ४६०० मीटरच्या वर आहे, आणि जानेवारीत तिथे बर्फ असतं. शिपाई उभे केले, त्याला समोर उभं केलं आणि आता तुला संपवणार असं सांगितलं. मग गोळ्या झाडल्याच नाहीत. ही ताकीद आहे, पुढच्या वेळी खरं होईल, असं बजावून सोडून दिलं.

तो वाचला तो लाझारो कार्देनास यांच्यामुळे. कार्देनास हे १९३४ ते १९४० या काळातले राष्ट्राध्यक्ष, तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करणारे, अजूनही खेड्यापाड्यांत देवासारखे मानले जाणारे. तेही मिचोआकानचेच आणि रिउसचे लांबचे नातेवाईक. त्यांनी राष्ट्राध्यक्ष दियास ओर्दास यांच्याकडे शब्द टाकला. गंमत अशी की वृत्तपत्री कागदाची ती सरकारी कंपनी याच कार्देनासांच्या कारकिर्दीत स्थापन झाली होती.

रिउस ही गोष्ट सांगायचा ती हसत हसत, पण नंतरच्या आठवड्यांतही अंक निघत राहिला हे मला जास्त बोलकं वाटतं.

‘मार्क्स फॉर बिगिनर्स’ त्याचंच ना?

त्याचंच. मूळ स्पॅनिश, १९७२. त्याआधी १९६६ मध्ये ‘क्युबा पारा प्रिन्सिपिआन्तेस’, म्हणजे ‘नवशिक्यांसाठी क्युबा’, आलं होतं. मार्क्सवरचं पुस्तक १९७६ मध्ये लंडनच्या एका लेखक-वाचक सहकारी प्रकाशनानं इंग्रजीत आणलं. ते इतकं चाललं की त्यांनी त्याच धर्तीवर दुसऱ्या लेखकांकडून लेनिन, फ्रॉईड, आइन्स्टाइन लिहून घेतले आणि मालिकाच उभी राहिली. रिउसच्या पुस्तकाचं नाव त्या मालिकेचं नाव झालं.

पुस्तकाची बांधणी पाहण्यासारखी आहे. आधी मार्क्सचं आयुष्य: कर्ज, आजारपण, गहाण टाकलेले कपडे, एंगेल्सकडून येणारे पैसे. मग ग्रीकांपासून हेगेलपर्यंत तत्त्वज्ञानाची धावती सफर. मग वरकड मूल्य, मजुरी, वर्गसंघर्ष. शेवटी अवघड शब्दांचा छोटा कोश. आणि सगळीकडे समासातून डोकावणारी बारकी माणसं, जी वाचकाच्या मनातलंच बोलतात: हे काय मला झेपलं नाही बुवा, पुन्हा सांग.

ही समासातली माणसं म्हणजे त्याचा खरा शोध. अवघड विषय सोपा करून सांगणारे खूप असतात, पण त्यांच्या सुरात बहुधा मास्तर असतो. रिउस वाचकाच्या बाकावर बसतो. मलाही हे पहिल्यांदा वाचताना कळलं नव्हतं, असं तो मोकळेपणी सांगतो, आणि ते खोटं वाटत नाही, कारण तो स्वतः विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. मार्क्स त्याला कुणी शिकवला नव्हता. त्यानं तो ओढून काढला होता.

चित्रं तर साधीच वाटतात. तो चांगला चित्रकार होता का?

रेखाटनाच्या कौशल्यावर मोजलं तर त्याच्याच पिढीतला रोखेलिओ नारांखो कितीतरी वरचा. नारांखोच्या बारीक रेघांच्या जाळ्यातला राष्ट्राध्यक्ष बघताना धाप लागते. रिउसची माणसं म्हणजे मोठी नाकं, झुपकेदार मिशा, दोन रेघांचे पाय.

पण तो पान फार छान रचायचा. जुन्या पुस्तकांतली कोरीव चित्रं, फोटो, जाहिराती कात्रीने कापायचा, चिकटवायचा, त्यांच्या तोंडी भलतंच वाक्य घालायचा. एकोणिसाव्या शतकातला रुबाबदार सरदार पानाच्या मध्यावर उभा, आणि त्याच्या पायाशी दोन मिशाळ खेडूत त्याच्या बुटांच्या किमतीबद्दल बोलताहेत. हस्ताक्षर कुठे मोठं, कुठे लहान, जिथे आवाज चढायचा तिथे अक्षर चढतं. ही सगळी कमी वेळात, कमी पैशात, दर आठवड्याला अंक काढण्याच्या घाईतून आलेली युक्ती आहे. नंतर तिला शैली म्हणायला लागले.

मेक्सिकोत व्यंगचित्रकाराला ‘मोनेरो’ म्हणतात. ‘मोनो’ म्हणजे माकड, आणि बोलीत कागदावर काढलेलं बाहुलं. मोनेरो म्हणजे बाहुली काढणारा. शब्दात थोडी तुच्छता आहे. रिउसला ‘कलावंत’पेक्षा हाच शब्द पसंत होता.

पोसादाच्या सांगाड्यांशी त्याचं काही नातं?

थेट गुरू-शिष्याचं नाही, परंपरेचं आहे. खोसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) हा एका पैशाच्या चोपड्यांसाठी नाचणारे, टोप्या घातलेले सांगाडे कोरणारा छापखान्यातला कारागीर. त्याच काळात ‘एल इखो देल आउइसोते’ हे व्यंगचित्रांचं पत्र हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या मागे लागलेलं असायचं, संपादक तुरुंगात जाऊन येऊन असायचे. रिउसला हा इतिहास पाठ होता. मेक्सिकोतल्या व्यंगचित्रांच्या शतकावर आणि चित्रकथांच्या इतिहासावर त्यानं पुस्तकं काढली आहेत. ‘आगाचादोस’च्या प्रकाशनाचं नावही पोसादाच.

त्याच्या नियतकालिकांची नावं विचित्र का आहेत?

मला तर ती अस्सल गावरान वाटतात. १९६८ च्या अखेरीस नारांखो, एलिओ फ्लोरेस वगैरे मित्रांबरोबर काढलेलं ‘ला गारापाता’, म्हणजे गोचीड. १९९४ चं ‘एल चाउइस्त्ले’, म्हणजे पिकावर पडणारा तांबेरा. ‘आमच्यावर चाउइस्त्ले पडला’ असं मेक्सिकन माणूस संकट कोसळल्यावर म्हणतो. तिथे प्रकाशकाशी बिनसलं, तेव्हा १९९६ मध्ये तीच मंडळी बाहेर पडून ‘एल चामुको’ घेऊन आली, म्हणजे सैतान. सोबत एल फिस्गोन, एल्गेरा, एर्नान्देस, पात्रिसिओ ही पुढची पिढी. गोचीड, तांबेरा, सैतान: शेतकऱ्याला छळणाऱ्या तीन गोष्टी, या वेळी सरकारच्या मागे लावलेल्या.

तो कम्युनिस्ट होता ना? शेवटपर्यंत?

पक्षात होता, पण पक्षाचा पोपट होणं त्याला जमलं नाही. साठच्या दशकात क्युबावर भाळून त्यानं पुस्तक लिहिलं. नव्वदच्या दशकात त्याच क्युबावर दुसरं लिहिलं, ‘लास्तिमा दे कुबा’. साध्या मराठीत ‘अरेरे, क्युबा’. कास्त्रो बंधूंच्या राज्याचा हिशेब त्यात मांडला आहे. डाव्या गोटातले जुने दोस्त नाराज झाले. मेक्सिकन डाव्यांमध्ये क्युबाबद्दल उणा शब्द बोलणं म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणं समजलं जायचं.

मला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघायला आवडतात. पहिलं जास्त चांगलं आहे, खरं सांगायचं तर. त्यात आनंद आहे. दुसऱ्यात हात जड झालेला जाणवतो.

शाकाहाराबद्दल आणि औषधांबद्दलही त्यानं लिहिलंय. ते वाचावं का?

‘ला पान्सा एस प्रिमेरो’, म्हणजे ‘आधी पोटोबा’, हे त्याच्या सर्वांत लोकप्रिय पुस्तकांपैकी एक. बाटलीबंद सरबतं, डबाबंद खाणं, मांसाचा अतिरेक, जाहिरातींनी बिघडवलेलं मेक्सिकन ताट यावर ते तुटून पडतं. मका, घेवडा, भोपळा, मिरची या आपल्या जुन्या जेवणाकडे परत चला, असं सांगतं. कोका-कोलावर त्यानं सत्तरच्या दशकात टीका केली तेव्हा लोक हसले होते. पुढे मधुमेह आणि लठ्ठपणा हे मेक्सिकोचे मोठे आजार ठरले आणि २०१४ पासून सरकारला गोड पेयांवर कर बसवावा लागला.

औषधी वनस्पती आणि निसर्गोपचारांवरची पुस्तकं मात्र बेतानं घ्यावीत. इथे त्याचा व्यवस्थेवरचा संशय डॉक्टरांपर्यंत जाऊन पोचतो. चित्रं बघा, हसा, औषध मात्र डॉक्टरला विचारून घ्या.

त्याच्यावर टीका कशाची होते?

एकांगीपणाची, घाईची, काळं-पांढरं करण्याची. शंभरावर पुस्तकं काढणाऱ्याकडून तपशिलाच्या चुका होणारच, आणि झाल्या. मला आणखी एक खटकतं: सान गाराबातोत पुरुषांच्या नाना तऱ्हा आहेत, पण बाया म्हणजे बहुधा जपमाळ नाहीतर लाटणं. ‘महामर्दां’ची टर उडवणाऱ्यालाही तेवढं दिसलं नाही.

पुरस्कार?

१९८७ आणि २०१० मध्ये मेक्सिकोचा राष्ट्रीय पत्रकारिता पुरस्कार. दुसरा एकूण कारकिर्दीसाठी.

महाराष्ट्राशी काही संबंध?

रिउसचा थेट नाही, आणि ओढूनताणून जोडायला नको. पण ज्या मेक्सिकोत तो वाढला त्या मेक्सिकोत एक मराठी माणूस भिंतीवर रंगवलेला आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. ते १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटताना रंगवलं. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९१९ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत हात घातला होता. पुढे रिउस याच पक्षाचा सभासद झाला. मेक्सिको आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही, इतकंच.

मला स्पॅनिश येत नाही. कुठून सुरुवात करू?

इंग्रजीतलं मार्क्सचं पुस्तक जुन्या दुकानांत अजून सापडतं. क्युबाचंही इंग्रजी भाषांतर झालं आहे. पण स्पॅनिश येत नसलं तरी ‘सुपरमाचोस’चं एखादं पान समोर घ्या. पुढे पुस्तकरूपानं त्याचे खंड निघाले आहेत. शब्द सोडून द्या. पुढारी कोण, पोलीस कोण, कर्ज कुणी घेतलंय, हे उभं राहण्याच्या ढबीवरूनच कळतं. मग कालसोन्सिन शोधा आणि त्याच्या ब्लँकेटची वायर कुठपर्यंत गेली आहे ते बघा. बहुतेक वेळा ती चौकटीच्या बाहेर निघून गेलेली असते.